मानवी अपव्यापार : संमती आणि सक्ती

मानवी अपव्यापार म्हटला की सर्वसाधारणपणे देहविक्रयच डोळ्यांसमोर येतो. संविधानाने मात्र अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा अपव्यापार व वेठबिगारी या दोहोंना एकत्रच मनाई केली आहे. पुढे कायद्यांच्या वाटा निराळ्या झाल्या. १९५६ चा कायदा वेश्याव्यवसायाशी, तर १९७६ चा वेठबिगारीशी निगडित राहिला. २०१३ मध्ये दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये अपव्यापाराची व्यापक व्याख्या आली खरी. परंतु त्याच वर्षीच्या अध्यादेशातील ‘सक्तीचे श्रम’ हे शब्द अधिनियमातून वगळले गेले. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये भीक मागण्याची भर पडली, हे शब्द मात्र परतले नाहीत. ही उणीव किरकोळ नव्हे.

बीडकडील ऊसतोड मजूर जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि स्वतःच्या पायांनी फडावर जाते. प्रत्येक उचल म्हणजे अपव्यापार नव्हे, हे मान्यच. पण हंगाम संपूनही उचल फिटत नाही आणि जोडप्याला घरी जाऊ दिले जात नाही, तेव्हा ‘ते राजीखुशीने आले होते’ या युक्तिवादाला कितपत अर्थ उरतो? कलम १४३ नुसार पीडिताची संमती गैरलागू ठरते. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात, भुकेपोटी पत्करलेले काम हेदेखील सक्तीचे श्रमच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांसंबंधीच्या खटल्यात १९८२ मध्येच दिला होता. कलम १४३ मधील ‘शारीरिक शोषण’ या शब्दांचा अर्थ या निर्णयाच्या आधारे लावण्यास काहीच हरकत नसावी.