गड पुन्हा बांधावा, की आहे तसा ठेवावा?

गडावर सहल गेली की एखादं मूल हमखास विचारतं, "सर, हा गड पहिल्यासारखा का नाही करत?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर तेवढं सोपं नाही. त्यासाठी फ्रान्समधल्या एका गडाची गोष्ट सांगतो.

आल्सास प्रांतात सुमारे ७५७ मीटर उंचीच्या डोंगरावर ओ-केनिग्सबुर हा किल्ला आहे. त्याचा पहिला उल्लेख ११४७ चा. पुढे तिथे लुटारू सरदारांनी ठाण मांडलं, म्हणून १४६२ मध्ये आसपासच्या सत्तांनी एकत्र येऊन तो उद्ध्वस्त केला. १४७९ मध्ये तो टियरस्टाइन घराण्याकडे आला. तोवर तोफा आल्या होत्या, म्हणून त्यांनी जाड भिंतींचे भक्कम बुरूज बांधले. तरीही १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने ५२ दिवस वेढा घालून तो घेतला. नंतर तो जाळला गेला आणि जवळजवळ अडीचशे वर्षं ओसाड राहिला.

१८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेलं. १८९९ मध्ये सेलेस्टा गावाने हे अवशेष सम्राट दुसरा विल्हेल्म याला भेट दिले. त्याने बोडो एबहार्ट या वास्तुविशारदाकडे काम सोपवलं. १९०० ते १९०८ या काळात गड पुन्हा उभा राहिला. एबहार्टने आधी ढिगारे उपसले, मोजमापं घेतली, फोटो काढले, जुने कागद तपासले. तरी टीका झालीच. मुख्य मनोरा फार उंच केला, काही भाग अंदाजाने बांधले, असं लोक म्हणाले. शिवाय आल्सासवर आपलाच हक्क आहे हे सम्राटाला दाखवायचं होतं. पण १९१९ मध्ये गड फ्रान्सकडे गेला!

मला मात्र एक गोष्ट फार आवडते. एबहार्टने नव्या दगडांवर खुणा कोरून घेतल्या. त्यामुळे जुनं कुठलं आणि नवं कुठलं, हे आजही ओळखता येतं. दुरुस्ती करावी, पण ती लपवू नये, हाच यातला धडा.

पुढच्या सहलीत मुलांना एक काम द्या. भिंतीतला जुना दगड आणि नंतरची डागडुजी शोधून वहीत चित्र काढायचं. मग वर्गात चर्चा घ्या: पडलेला बुरूज बांधायचा, की नुसता सावरायचा? मुलांना बोलू द्या, आपण उत्तर देण्याची घाई करू नका. आणि हो, गडावर खुणा कोरायचा हक्क फक्त दुरुस्ती करणाऱ्याला, आपली नावं कोरणाऱ्यांना नाही, हेही आवर्जून सांगा.