अंगाने जाड, पण प्रकृतीने ठणठणीत?



देवळाली कॅम्प भागात प्लॉट पाहायला गेलो की हा प्रश्न निघतोच : "साहेब, पोट सुटलंय खरं, पण रात्री बारे देतो, दुखत-खुपत काही नाही. मग बिघडलं काय?"

आज बिघडलं नसेलही. उसाची जाडी पाहून उतारा कळत नाही, ब्रिक्स बघावा लागतो. माणसाचंही तसंच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची तुलना २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची फक्त ९.१!

आपल्याकडे चरबी पोटावर साठते. म्हणून वजनकाट्याबरोबर टेपही लावावी : कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत, बायांची ८० च्या.

जाड असूनही अवयव नीट चालतात अशी माणसं असतात, हे जगभरच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२५ मध्ये मान्य केलं. मात्र पुढे मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका त्यांना राहतोच. हे दोन्ही रोग सुरुवातीला दुखत नाहीत, अडचण तीच आहे. तेव्हा तोडणीची घाई सुरू होण्याआधी रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. सडपातळ मंडळींनीसुद्धा.

— ऊस विकास अधिकारी