संगणकीय खेळांची परिभाषा : काही शब्दांचा अर्थविचार

व्हिडिओ खेळ खेळणाऱ्यांचे संभाषण प्रथमच ऐकणारा अभ्यासक अपरिचित शब्दांविषयी सावध असतो. त्याचा घात करतात ते ओळखीचे शब्द. 'लूट' हाच शब्द पाहावा. संस्कृत 'लुण्ट्' धातूशी नाते सांगणारा हा शब्द अठराव्या शतकात हिंदीतून इंग्रजीत गेला. खेळात मारलेल्या शत्रूजवळ किंवा रिकाम्या घरात सापडणारी शस्त्रे, औषधे, नाणी म्हणजे लूट. ती बहुधा खेळाच्या कर्त्यानेच उचलण्यासाठी ठेवलेली असते. मूळ अर्थातील धनाचा स्वामी आणि अपराध हे दोन्ही घटक येथे गळून पडले, प्राप्तीचा अंश तेवढा उरला. "लूट मिळाली का?" असे मराठी मुलगा सोबत्यास विचारतो तेव्हा शब्द घरचा असतो, अर्थ मात्र इंग्रजीतून परतलेला. अशा शब्दास परभाषीय म्हणणे मला मान्य नाही. येथे ऋण आहे ते केवळ अर्थाचे.

'अवतार' शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. 1985 च्या 'अल्टिमा' मालिकेतील चौथ्या खेळात आठ सद्गुण अंगी बाणवून खेळाडूने 'अवतार' व्हावयाचे होते. तेथे हा शब्द आदर्शवाचक होता. लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट' या 1986 च्या खेळात तो पडद्यावरील खेळाडूच्या आकृतीस लावला गेला, आणि पुढे हाच अर्थ रूढ झाला. बाहेर बसलेल्याने निर्मित सृष्टीत उतरावयाचे, ही कल्पना पौराणिक अर्थाशी सुसंगतच आहे. तथापि "हा काय अवतार केलास!" या आपल्या घरगुती प्रयोगात बाह्य रूपाचा अर्थ पूर्वीपासून होताच, हे विसरू नये.

'मॉब' म्हणजे खेळातील संगणकचालित प्राणी. एकटा असला तरी तो 'मॉब'च. इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 1978 साली आरंभिलेल्या व रिचर्ड बार्टल यांनी वाढविलेल्या 'मड' या केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळात अशा हिंडत्या प्राण्यांस 'मोबाइल' म्हणत. त्याचे हे संक्षिप्त रूप. जमाव या अर्थाचा इंग्रजी 'मॉब' हादेखील 'मोबिले वुल्गुस' म्हणजे चंचल जनसमूह या लॅटिन पदबंधाचा संक्षेप होय. सुमारे तीनशे वर्षांच्या अंतराने एकच लॅटिन विशेषण पुन्हा त्याच ठिकाणी तोडले गेले!

'नर्फ' हे मुळात स्पंजासारख्या मऊ खेळण्यांचे व्यापारी नाव. खेळाच्या कर्त्यांनी एखाद्या शस्त्राचे बळ उतरविले की ते 'नर्फ केले' म्हणतात. मराठीने 'करणे' जोडून त्यास सहज आपलेसे केले आहे.

'जीजी'चा अर्थ मात्र कोशात सापडणार नाही. 'गुड गेम' या शब्दांची ही आद्याक्षरे. 1998 च्या 'स्टारक्राफ्ट'च्या कोरियातील सामन्यांत हरणारा ती लिहितो व पटावरून उठतो. ती पराभवाची कबुली असते. जिंकणाऱ्याने ती आधी लिहिली तर तोच शिष्टाचार उपमर्द ठरतो.