भुयारातील गडगडाट

लंडन शहराच्या पोटातून आगगाड्या धावतात. जगातील पहिली भुयारी रेल्वे तेथेच १८६३ साली सुरू झाली. उघड्या माळावर गाडीचा आवाज चोहोंकडे पसरून विरतो. बोगद्यात त्याला वाट कोठली? तो भिंतींवर आदळून डब्याकडेच परततो. मग शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येईनासे होते.

आवाज मोजण्याचे माप म्हणजे डेसिबल. मात्र हे माप फूटपट्टीसारखे सरळ नाही. दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची तीव्रता दहापट होते. वीस वाढले, की शंभरपट! ८५ डेसिबलांच्या आवाजात रोज आठ तास काम करणाऱ्याच्या कानांना धोका संभवतो. प्रवासी घटकाभर बसून उतरून जातो. परंतु गाडी हाकणाऱ्याचे काय? म्हणून ध्वनिमापक यंत्र चालत्या गाडीत ठेवून, गोंगाट कोठे वाढतो हे टिपतात.

त्याचे मूळ पुष्कळदा रुळांतच सापडते. चाकांच्या घर्षणाने रुळाच्या माथ्यावर बारीक लाटा उमटतात. यंत्राने रूळ घासून गुळगुळीत केले, की आवाज उतरतो. पण लाटा पुन्हा उमटतात, तेव्हा घासणेही पुन्हा आलेच. पॅरिसने १९५६ साली एका मार्गावर रबरी चाकांच्या गाड्या आणल्या. लंडनमध्ये काही ठिकाणी रूळ रबरावर तोलून धरले. त्यामुळे वरच्या घरांना बसणारे हादरे कमी झाले खरे. परंतु सैल धरलेला रूळच अधिक कंप पावू लागला आणि डब्यातील आवाज वाढला. घरात झोपलेल्यांची सोय पाहावी, की गाडीतल्यांची, असा पेच अभियंत्यांपुढे उभा राहिला.