माथेरान : पायी चालणाऱ्यांचे गिरिस्थान

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि गोदाकाठच्या रस्त्यांवर साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात. गावातील श्रावक-श्राविका त्यांना पोहोचविण्यास वेशीपर्यंत, फार तर पुढच्या मुक्कामापर्यंत चालतात. परतताना मात्र कोणाची तरी मोटार मागविली जाते. चिचोंडीसारख्या लहानशा गावात १९०० मध्ये जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींनी अनेक प्रांत पायाखाली घातले. त्यांना मानणाऱ्या या जिल्ह्यातील कुटुंबे आज सुटीत एका दिवसात तीन ठिकाणे 'करून' येतात आणि दमून घरी पोहोचतात. चालणे हे जणू साधूंचे व्रत आणि गृहस्थाची गैरसोय, अशी वाटणी झाली आहे.

परदेशात, विशेषतः स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, दिवसभर पायी भटकायचे आणि रात्री एखाद्या जुन्या जहागिरीच्या घरात मुक्काम करायचा, अशी सुटी घेण्याची रीत आहे. महाराष्ट्रात याच्या अगदी जवळ जाणारे स्थान म्हणजे माथेरान. पुणतांब्यासारख्या सपाट, उसाच्या मुलखातून तेथे पोहोचणे अवघड नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरील या जंक्शनवरून मनमाड, नाशिकमार्गे कल्याण गाठावे आणि तेथून कर्जतच्या लोकलने नेरळला उतरावे. नेरळपासून घाटरस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत जातो आणि तेथे संपतो. पुढे मोटार नाही, दुचाकी नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरील हे गाव पहिल्यापासून वाहनांवाचून राहिले आणि केंद्र शासनाने २००३ मध्ये हा परिसर संवेदनशील म्हणून घोषित केल्यावर त्या रिवाजाला कायद्याचे बळ मिळाले. नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर झाडांच्या सावलीतून तांबड्या मातीवर चालत गेले, की पाऊण तासात माणूस मुक्कामाला पोहोचतो.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. डोंगरमाथ्याचे रान त्यांना इतके आवडले, की त्याच वर्षी पुन्हा येऊन त्यांनी येथे घर बांधण्याची तयारी केली. 'बाइक' हे त्यांच्या घराचे नाव. त्या नावाचे शाकाहारी हॉटेल आजही माथेरानात आहे. पाठोपाठ कॅप्टन बार यांचे 'बार हाऊस' उभे राहिले, तेच आता 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' या नावाने प्रवाशांना मुक्कामास मिळते. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे येण्यास सुरुवात केल्यावर मुंबईचे पारशी, बोहरी आणि गुजराती धनिक मागे कसे राहतील? जांभ्या दगडाचे जोते, चहूबाजूंनी खोल ओसरी, उतरते छप्पर, मागे नोकरांच्या खोल्या आणि घोड्यांची पागा, अशी घरे रानात दूर दूर विखुरली. मोटार आत आली नाही, म्हणूनच यांतली अनेक घरे आजवर उभी राहिली. रस्ते रुंद झाले असते, तर आवारे आणि झाडे प्रथम गेली असती.

नेरळ-माथेरान ही अवघ्या दोन फुटी रुळांची गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात बांधली. खर्च आला १६ लाख रुपये आणि तो त्यांचे वडील सर आदमजी यांच्या पेढीने सोसला. वर्षातील चार महिने पावसात बंद राहणारा, डोंगरातून २१ किलोमीटर वळणे घेत जाणारा असा प्रकल्प आज कोणत्या बँकेच्या छाननीत टिकला असता, हा प्रश्नच आहे. पावसाळ्यात घाटातील गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात फेऱ्या होतात. जैन कुटुंबाला पावसाळ्याचा मोह तसाही नसावा. त्या दिवसांत येथील वाट शेवाळाने आणि असंख्य जीवांनी भरलेली असते, आणि चातुर्मासात प्रवास न करण्यामागचा पूर्वजांचा विचार अशा वाटेवर आपोआप कळतो. कार्तिक ते फाल्गुन हा काळ उत्तम.

चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. माथेरानच्या वाटांवर ती गृहस्थालाही पाळावी लागते, कारण मान वर करून चालणारा जांभळीच्या उघड्या मुळांना ठेचकाळतोच. पहिल्या दिवशी दक्षिणेकडे शार्लोट तलाव, त्याच्या काठचे पिसरनाथाचे देऊळ आणि पुढे इको व लुईझा पॉइंट एवढे पुरे. लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड दिसतो. अंगात बळ असेल त्यांनी वन ट्री हिलपर्यंत जावे. मॅलेट याच अंगाने चढून आले होते.

सूर्यास्ताची एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. सगळे माथेरान संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त पाहण्यास लोटते आणि चौविहार करणाऱ्यांच्या भोजनाची वेळ नेमकी तीच. हॉटेलात परतून जेवावे तर अंधार झालेला असतो. यावर सोपा उपाय आहे : डब्यात दशम्या, खाखरा, मेथीचे ठेपले घेऊन निघावे, सूर्य टेकण्याआधी तेथेच एका बाजूला जेवून घ्यावे आणि पाणी पिऊन मग सूर्यास्त निवांत पाहावा. त्याहून बरे म्हणजे सूर्योदयाला पॅनोरमा पॉइंट गाठावा. ऊन डोळ्यांवर येईपर्यंत नवकारसीची वेळ होते. उकळलेले, गाळलेले पाणी आणि कांदा-बटाट्यावाचून स्वयंपाक यांविषयी खोली ठरवितानाच बोलून घ्यावे. जुन्या बंगल्यांत खोल्या थोड्या असतात आणि स्वयंपाकघराला आधी सांगितलेले सोयीचे जाते. बाजारातला मध आणि चामड्याच्या चपला आपल्या कामाच्या नाहीत; चिक्की आणि वेताची काठी जरूर घ्यावी.

या साऱ्या सुखाला एक बाजू अशी आहे, की ती लपविणे बरे नव्हे. मोटार नाही म्हणजे ओझे कोणी तरी वाहतेच. एक माणूस पुढून ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात आणि मध्ये प्रवासी बसलेला असतो, अशी हातरिक्षा माथेरानात शंभरावर वर्षे चालली. पाण्यातला जीवही दुखावू नये म्हणून पाणी गाळून पिणारा माणूस या रिक्षात निःशंक बसतो, हे दृश्य डोळ्यांना खुपणारे आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांच्या आत ती थांबविण्याचा आदेश दिला. राज्य शासनाने विजेवर चालणाऱ्या रिक्षा घेऊन त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने द्याव्यात आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असेही बजावले. हा निर्णय जितका प्रवाशांच्या मनाचा भार हलका करणारा आहे, तितकाच त्या ओढणाऱ्यांच्या पोटाशी निगडित आहे, म्हणून आदेशाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

याच मातीत १ डिसेंबर १९१२ रोजी नाभिक कुटुंबात जन्मलेले विठ्ठल ऊर्फ भाई कोतवाल वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या कोठ्या उभारल्या, म्हणजे आजच्या भाषेत धान्याची बँकच. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या पोलिसांशी लढताना त्यांना वीरमरण आले. माथेरानची ओळख करून देणाऱ्यांनी कलेक्टर मॅलेटबरोबर हे नावही मुलांना सांगावे.

घोड्यांचा प्रश्न अजून उरतोच. ज्यांना चालता येते, त्यांनी घोड्यावर बसू नये, एवढे तरी घराघरांत ठरविता येईल. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी नाक्यापासून छोटी गाडी किंवा ई-रिक्षा आहे. सामानाचे काय, असे कोणी विचारील. माणशी एकच पिशवी, तीही पाठीवर घेता येईल एवढी, असे घरीच ठरले तर अडचण राहत नाही. मात्र जड सामान असेल तर दस्तुरीवरील हमालाशी घासाघीस करू नये. या हमालांत स्त्रियाही असतात आणि खालच्या पाड्यांतून चढून आलेल्या त्या बाईला दिवसातून असे एखादेच गिऱ्हाईक मिळण्याचा संभव असतो.

न्यायालयाच्या त्याच आदेशात रस्त्यांविषयीही एक तपशील आहे. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत फरशीचे ठोकळे बसविण्यास मुभा दिली आहे. आतल्या रस्त्यांना आणि रानवाटांना नाही. पुतळ्यापासून पुढे, बंगल्यांकडे आणि पॉइंटांकडे जाणारी वाट तांबड्या मातीचीच राहणार आहे.