मोठा गळा, छोटी खोली

ऑपेरातली सोप्रानो गायिका आवाजाच्या वरच्या टोकाला पोचली की ती 'ई' म्हणतेय की 'ऊ', हे ऐकणाऱ्याला सांगता येत नाही. हा तिच्या जिभेचा दोष नव्हे. प्रत्येक उच्चाराची ओळख तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या ठरावीक कंपनांवरून पटते. 'ई'च्या बाबतीत त्यातलं सर्वांत खालचं कंपन सेकंदाला साधारण ३०० च्या आसपास असतं आणि सोप्रानोचा वरचा सूर हजाराच्या घरात जातो. खुद्द सूरच त्या खुणेच्या इतका वर चढला की खूण पुसली जाते. त्यात सूर मोकळा सुटावा म्हणून जबडा उघडावा लागतो, मग सगळेच उच्चार 'आ'कडे झुकतात. या बदल्यात गायिकेला मिळतं काय, तर मायक्रोफोनशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज. खालच्या पट्ट्यांतले गायक हेच वेगळ्या रीतीनं साधतात. वाद्यवृंदाचा जोर ५०० कंपनांच्या आसपास असतो आणि ३००० च्या आसपास तो बराच ओसरतो. नेमक्या त्या मोकळ्या जागेत गायकाचा आवाज तळपतो, हे स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी मोजून दाखवलं. थोडक्यात, ऑपेराचा गळा दोन-तीन हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहासाठी वर्षानुवर्षं घासून घडवलेला असतो. तोच गळा साठ-सत्तर माणसांच्या खोलीत, एका पियानोच्या साथीला, प्रेमाची गाणी म्हणायला उभा राहतो, तेव्हा अनेकांना वाटतं की गायिका आता सुट्टीवर आहे. माझं म्हणणं उलट आहे. तिथे तिची ताकद जवळपास निकामी होते, आणि एरवी झाकून गेलेली तिची दुबळी बाजू, म्हणजे शब्द, उघड्यावर येते.

युरोपात आणि अमेरिकेत असे 'कॅबरे'चे कार्यक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या आसपास तर छोट्या ऑपेरा संस्थांना ते हमखास सुचतात. पण आपल्याकडे 'कॅबरे' म्हटलं की हेलन आठवते, आणि त्या शब्दाचा मूळ पत्ता हरवतो. १८८१ साली पॅरिसच्या माँमार्त्र भागात 'ल शा न्वार' उघडलं, तेव्हा ते कवी, चित्रकार आणि गायकांचं बसून पिण्याचं आणि एकमेकांना ऐकवण्याचं ठिकाण होतं. एरिक साती तिथे पियानो वाजवत असे. १९०१ साली बर्लिनमध्ये 'युबरब्रेट्ल' नावाचं तसंच थिएटर निघालं, आणि त्याच वर्षी आर्नोल्ड शनबर्गनं आपली 'ब्रेट्ल-लीडर' ही कॅबरेगीतं रचली. पुढे ज्यानं पाश्चात्त्य संगीताची स्वरव्यवस्थाच उलथून टाकली, तोच हा शनबर्ग. त्यातल्या एका गाण्याला पियानोच्या जोडीला पिकोलो, ट्रंपेट आणि ताशासारखा कडकडणारा छोटा ड्रम आहे. रात्री रस्त्यानं दंगा करत जाणारी वरातच जणू. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेंजामिन ब्रिटननं डब्ल्यू. एच. ऑडनच्या शब्दांवर हेडली अँडरसन या गायिकेसाठी कॅबरेगीतं लिहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत विल्यम बोल्कमनं तोच उद्योग केला, मेझो-सोप्रानो जोन मॉरिस यांच्यासाठी. म्हणजे ऑपेराचे गायक ही गाणी गातात तेव्हा ते परक्या गल्लीत शिरत नाहीत. ही गाणी त्यांच्याच घराण्यातल्या माणसांनी रचलेली आहेत, फक्त घराच्या मागच्या दारानं बाहेर पडून.

तिथे गाताना बदलावं काय लागतं? सर्वांत आधी पट्टी. ऑपेरात संगीतकारानं लिहिलेल्या पट्टीला सहसा हात लावायचा नसतो. कॅबरेत गायिका पट्टी खाली उतरवते आणि आवाज बोलण्याच्या उंचीवर आणते, कारण तिथे उच्चार शाबूत राहतात. मग सुराची सुरुवात. मोठ्या नाट्यगृहात प्रत्येक सूर भरीव आणि सलग लागतो. इथे काही शब्द नुसते बोलायचे, काही अर्धवट सोडायचे, कंप जवळजवळ थांबवायचा. आणि लय पियानोवाल्याच्या हातात न देता शब्दाच्या हातात द्यायची. ख्यालाची मांड पक्की असलेला गायक ठुमरीला बसला की बोल बनवताना त्याचा कस लागतो, तसंच काहीसं. ऑपेरा गायिका आयलीन फॅरेल यांना हे जमलं, कारण १९४० च्या दशकात त्यांनी रेडिओवर गंभीर आणि लोकप्रिय अशी दोन्ही प्रकारची गाणी गायली होती. मायक्रोफोनशी त्यांची ओळख जुनी होती. १९५९ मध्ये इटलीतल्या स्पोलेटो महोत्सवात लुई आर्मस्ट्राँग आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी उभं राहून फॅरेल जाझ गायल्या. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, म्हणजे 'मेट'मध्ये, त्यांचं पदार्पण झालं, ते ग्लुकच्या 'आल्चेस्ते'मधून. दोन्हीकडे गळा एकच, पण वापरलेल्या खोल्या वेगळ्या.

आता यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप. मोठे आवाज हलक्या गाण्यात हास्यास्पद वाटतात, आणि त्याचा पुरावाही आहे. १९८४ साली लेनर्ड बर्नस्टाइननं आपल्याच 'वेस्ट साइड स्टोरी'चं ध्वनिमुद्रण किरी ते कनावा आणि होसे करेरास यांना घेऊन केलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरचा अमेरिकन पोरगा टोनी स्पॅनिश ढंगाच्या इंग्रजीत गातोय आणि त्याची पोर्तो रिकोची मारिया मात्र स्वच्छ ऑपेरा थाटात, अशी ती उलटापालट. रेकॉर्ड खपली, पण टीकाकारांनी ती सोडली नाही, आणि ऐकताना त्यांची तक्रार पटते. तरी त्यात चुकलं काय हे नीट पाहायला हवं. तिथे संपूर्ण वाद्यवृंद होता, गाणी नाट्यगृहाच्या मापात गायली गेली, आणि निवड आवाजावरून झाली, बोलीवरून नव्हे. आवाजाचं आकारमान हा मुळात अडसर असता, तर १९४९ साली मेटमध्ये गाजलेले बास गायक एत्सिओ पिन्झा ब्रॉडवेवर 'साउथ पॅसिफिक'मध्ये तरलेच नसते. तरणं सोडा, पुढच्या वर्षी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. तिथे परदेशी माणसाची भूमिका परदेशी उच्चारांच्या माणसाला दिली होती, आणि गाणी त्याच्या गळ्याच्या मधल्या भागात बसवली होती. मोठा आवाज आड येत नाही. मोठ्या आवाजाची सवय येते.

दुसरा आक्षेप रसिकांचा, जरा नाजूक. ही गाणी घोगऱ्या, सिगरेटनं भाजलेल्या गळ्याची. तालमीच्या आवाजात त्यांची धार जाते, असं म्हणतात. या समजुतीचं मूळ बहुधा गायिका लोटे लेन्या आहेत. बर्लिनमध्ये ऑगस्ट १९२८ मध्ये रंगभूमीवर आलेला संगीतकार कुर्ट वाइल आणि नाटककार ब्रेख्त यांचा 'थ्रीपेनी ऑपेरा' त्यांनी गाजवला (त्याचंच पु. ल. देशपांडे यांनी केलेलं 'तीन पैशाचा तमाशा' आपल्याला ठाऊक आहे). पण लेन्यांची सुरुवातीच्या काळातली ध्वनिमुद्रणं ऐकली तर दचकायला होतं. आवाज उंच, पातळ, जवळजवळ पोरसवदा. जो खर्जातला करडा आवाज आपण 'खरा कॅबरे' समजतो, तो १९५० च्या दशकातला. तोवर वय झालं होतं आणि गाणी खालच्या पट्टीत आणली होती. म्हणजे घोगरेपणा हा या गाण्यांचा मूळ रंग नव्हे, नंतर चढलेला आहे. वाइल स्वतः संगीतकार बुसोनीचा शिष्य आणि ऑपेरा लिहिणारा माणूस. आणि लेन्यांचंच मत विचारायचं तर १९७९ साली मेटमध्ये वाइलच्या 'महागोनी'त तेरेसा स्त्रातास यांना पाहिल्यावर त्यांनी आपल्याजवळची वाइलची अप्रकाशित गाणी या ऑपेरा गायिकेच्या हवाली केली. त्यातून १९८१ मध्ये 'द अननोन कुर्ट वाइल' ही चौदा गाण्यांची रेकॉर्ड निघाली.

ऑपेराच्या बाजूनंही नाक मुरडलं गेलं आहेच. हेलन ट्रॉबेल या वाग्नरच्या नायिका गाजवणाऱ्या सोप्रानो. त्यांनी नाइटक्लबात गावं हे मेटचे व्यवस्थापक रुडॉल्फ बिंग यांना पसंत नव्हतं. १९५३ मध्ये ट्रॉबेल मेटबाहेर पडल्या. संस्थेची शान हा बिंग यांचा मुद्दा मला समजतो. पण शान जागेवरून ठरवायची, तर शनबर्ग आणि ब्रिटन यांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

शेवटचा आक्षेप मात्र मला स्वतःलाही टोचतो. कॅबरेचा जन्म टिंगलीसाठी, सत्तेला चिमटे काढण्यासाठी; त्यातून फक्त प्रेमगीतं निवडून मेणबत्त्यांच्या उजेडात वाढायची म्हणजे तिखट काढून घेतलेला ठेचा. काही कार्यक्रम तसेच होतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण गाणी नीट निवडली तर प्रेमाच्या पोटातूनच तिखट बाहेर येतं. ऑडनची 'फ्युनरल ब्लूज' ही कविता 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' या १९९४ च्या चित्रपटानंतर जगभर रडवणारी ठरली. तिचा पहिला अवतार १९३६ च्या एका नाटकात एका पुढाऱ्याच्या मरणाची थट्टा करणारा होता. उत्तरार्ध बदलून ऑडननं ती हेडली अँडरसन यांच्यासाठी प्रेमाची केली. थट्टा आणि शोक यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे गाताना कळलंच पाहिजे, आणि ते कळवायला शब्द स्वच्छ हवेत.

वाइलनं १९३४ मध्ये पॅरिसमध्ये 'जे न तेम पा' हे गाणं केलं. 'माझं तुझ्यावर प्रेम नाही' असं त्यातली बाई पुनःपुन्हा सांगते आणि चाल दर वेळी तिला खोटं पाडते. दहा वर्षांनी, नाझींपासून पळून अमेरिकेत स्थिरावलेल्या वाइलनं हीच चाल पुन्हा काढली आणि तिच्यावर वाल्टर मेहरिंगचे जर्मन शब्द बसवले: 'वी लांगे नॉख', म्हणजे 'अजून किती दिवस'. कुणा पुरुषानं फसवलेल्या बाईची ती तक्रार आहे. त्यानं वचनं दिली, तिनं विश्वास ठेवला, आता ती मोजतेय की हे अजून किती काळ चालायचं. ते गाणं अमेरिकेच्या युद्धकालीन प्रचारासाठी होतं, जर्मनीत ऐकू जावं म्हणून. पुरुषाचं नाव त्यात कुठेही नाही, आणि १९४४ मध्ये जर्मन भाषा येणाऱ्या कुणालाही ते विचारायची गरज नव्हती. ही दोन्ही गाणी स्त्रातास यांच्या त्या चौदांत आहेत. चाल तीच, बाई दोन; आणि दोघींत फरक करायला गायिकेजवळ शब्दांखेरीज काहीही नाही.