गाणे, गाव आणि न्याय

स्त्री-पुरुषांमधील न्यायाची चर्चा निघाली की आपल्यापुढे प्रथम कायदा उभा राहतो. ते योग्यच आहे. परंतु कायदा चावडीपर्यंत लवकर येतो, चुलीपर्यंत पोहोचायला त्याला फार वेळ लागतो. चुलीपाशी सत्ता चालते ती रूढीची. आणि रूढी टिकते ती गाण्यांतून, सणांतून, म्हणींतून, आधी कोणी जेवावे अशा लहानसहान रीतींतून. तेव्हा जेथे अन्याय मुरतो तेथेच न्यायाचे बी पेरले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. ब्राह्मणपुरी ज्या तालुक्यात आहे, त्या शहाद्याचाच इतिहास पाहू. हा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात होता; नंदुरबार जिल्हा १९९८ साली निराळा झाला. येथील जमीन सुपीक, पण तीवर राबणाऱ्या अनेक भिल्ल कुटुंबांच्या हातून ती गेलेली. या लोकांना अंबरसिंग महाराजांनी प्रथम एकत्र आणले ते भजनाच्या निमित्ताने. पुढे १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळीत स्त्रिया मोर्च्यांच्या पुढे असत, घोषणा रचीत, गाणी गात, आणि झोपडी-झोपडीत जाऊन पुरुषांनाही बाहेर काढीत.

मग त्यांनी स्वतःच्या दुःखाला हात घातला. दारू पिऊन आलेला नवरा मारतो, हे प्रत्येकीला ठाऊक होते. पण प्रत्येकीला ते आपल्या एकटीचे नशीब वाटत होते. स्त्रियांचे जथे गावोगाव फिरले, दारूच्या गुत्त्यांत शिरले, आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. कोणा बाईला मारहाण झाल्याचे कळले, की साऱ्या जणी जमून नवऱ्याला जाब विचारीत, प्रसंगी चोप देत, आणि चारचौघांत बायकोची माफी मागावयास लावीत. चोप देणे आम्ही प्रशस्त मानत नाही. परंतु ती माफी सर्वांसमक्ष मागितली गेली, यात मोठा अर्थ आहे. ‘घरातली गोष्ट’ त्या दिवशी गावाची गोष्ट झाली. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा देशात झाला तो २००५ साली, म्हणजे त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने.

गाण्याने येथे काय केले? एक तर, बायकांनी एकत्र जमण्यास जे निमित्त समाजाला खटकत नाही, ते त्याने दिले. दुसरे म्हणजे, ‘मी’ सोसते याऐवजी ‘आम्ही’ सोसतो असे म्हणण्याची सवय जिभेला लावली.

मात्र प्रत्येक गाणे न्यायाचेच असते, असे नव्हे. सोसण्याचा महिमा गाणारी गाणीही पुष्कळ आहेत. शिवाय गाणारीला तिचे श्रेय मिळतेच असेही नाही. खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते; शेतात-घरात राबता राबता त्या गाणी रचीत. मुलगा सोपानदेव यांच्यासारख्यांनी ती टिपून ठेवली, आणि १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ज्यांच्या घरी टिपून घेणारे कोणी नव्हते, अशा किती जणींची गाणी जात्याबरोबर थांबली असतील!

तेव्हा आपल्या सणा-समारंभांकडे जरा निरखून पाहावे. कानबाईच्या उत्सवात रात्र जागवणाऱ्या बायकांना गावच्या बैठकीत बोलता येते काय? लग्नात गाणी त्या म्हणतात. पण मुलीच्या पसंतीचा शब्द कोण उच्चारतो? त्यांनी रचलेल्या गाण्याखाली त्यांचे नाव लिहिले जाते काय? या प्रश्नांना सरकारी हुकूम लागत नाही. यंदाच्या सणाला घरातील एका वडीलधाऱ्या बाईची गाणी तिच्या नावासह वहीत उतरवून घ्यावी, आणि ती ऐकताना तिला जे सांगायचे असेल, तेही ऐकावे.